संकटकाळात लोकांनी भरलेला नकाशा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून भरलेल्या, सगळ्यांना खुल्या अशा जगाच्या नकाशावर, रस्ते आणि घरं आखतो. त्यामुळे कुठे पूर आला, दरड कोसळली की ओळखीतलं कोणीतरी फोन करून विचारतंच, "आपण एक नकाशा करू या का?" दर वेळी तेच उत्तर नव्याने देण्यापेक्षा इथे लिहून ठेवलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, तर काही एका ओळीत संपली आहेत.

संकट-नकाशा म्हणजे नेमकं काय?

या एका नावाखाली दोन वेगळी कामं चालतात आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिलं काम ठिपक्यांचं. "आमच्या गल्लीत छातीइतकं पाणी आहे", "या शाळेत दोनशे माणसं आहेत, पिण्याचं पाणी नाही" अशा लोकांकडून आलेल्या नोंदी जागच्या जागी नकाशावर टिपायच्या. दुसरं काम रेघांचं. रस्ता कुठून जातो, पूल कुठे आहे, वस्तीत घरं किती, दवाखाना कोणत्या बाजूला, हे आखून ठेवायचं. पहिल्या कामासाठी उशाहिदीसारखी प्रणाली वापरतात, दुसऱ्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप.

रांगोळीत आधी ठिपके आणि मग रेघा येतात. इथे उलटं आहे. रेघा नसतील तर ठिपका पांढऱ्या कागदावर पडतो आणि बोट घेऊन निघालेल्या माणसाला त्याचा काही उपयोग होत नाही.

व्हॉट्सॲप आहे की हाताशी. वेगळा नकाशा कशाला?

ऑगस्ट २०१८ मधला केरळचा पूर आठवा. मदतीचे संदेश आपल्याकडच्या ग्रुपांवरसुद्धा फिरत होते. "चेंगन्नूरला आजी-आजोबा गच्चीवर अडकलेत, कृपया पुढे पाठवा." लोक पुढे पाठवत राहिले. आजी-आजोबा सुटून छावणीत पोहोचले तरी संदेश फिरतच होता आणि त्यांच्या फोनची उरलीसुरली बॅटरी चौकशीच्या फोनांनी संपत होती. फॉरवर्डला तारीख नसते आणि त्याचा धनीही कोणी नसतो. काम झालं, आता थांबवा, हे सांगायची सोयच नसते.

त्याच पुरात केरळ सरकारचं आयटी मिशन आणि स्वयंसेवक प्रोग्रामर यांनी मिळून 'केरळ रेस्क्यू' हे संकेतस्थळ उभं केलं. त्याचा कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुला होता. लोक रात्री-अपरात्री त्यात दुरुस्त्या करत होते. तिथे मदतीची मागणी म्हणजे एक नोंद. तिला जागा असते, वेळ असते आणि मुख्य म्हणजे स्थिती असते: मदत पोहोचली की नाही. व्हॉट्सॲपला पर्याय म्हणून नकाशा करत नाहीत. संदेश तिथूनही येऊ द्यावेत. फक्त प्रत्येक संदेश शेवटी एका जागी जमा व्हावा आणि तिथे तो पूर्ण झाल्याची खूण करता यावी.

याची सुरुवात कुठे झाली?

केनियात. २७ डिसेंबर २००७ रोजी तिथे अध्यक्षपदाची निवडणूक झाली. ३० तारखेला म्वाई किबाकी विजयी झाल्याचं जाहीर झालं आणि त्याच संध्याकाळी घाईघाईने शपथविधीही उरकला. रायला ओडिंगा यांच्या पक्षाने निकाल मानला नाही. त्यानंतरच्या दंगलींत हजाराहून जास्त माणसं मारली गेली, लाखो लोकांना घरदार सोडावं लागलं. सरकारने थेट प्रक्षेपणावर बंदी घातली, त्यामुळे कुठे काय चाललंय ते कळेना.

ओरी ओकोल्लोह ही वकील तेव्हा ब्लॉग लिहायची. लोक तिला आपापल्या भागातल्या घटना कळवत होते, पण एकटीला ते आवरेना. ३ जानेवारी २००८ च्या सुमारास तिने ब्लॉगवर विचारलं की हे सगळं नकाशावर मांडून देणारं कोणी आहे का. एरिक हर्समन, ज्युलियाना रोटिच आणि डेव्हिड कोबिया हे तिघं पुढे आले. चौघंही एका शहरात नव्हते, कोबिया तर अमेरिकेत होता. तरी काही दिवसांतच संकेतस्थळ सुरू झालं. एसएमएस, ईमेल किंवा वेबवरून कळवा, आम्ही पडताळून नकाशावर टाकतो, असा तो साधा मामला होता.

नाव ठेवलं उशाहिदी. स्वाहिलीत त्याचा अर्थ साक्ष. मूळ धातू अरबी. आपल्याकडचा 'शहीद' त्याच धातूतून आला. मला हे नाव फार आवडतं, कारण कामाचं स्वरूप त्यातच आलं. नकाशावरचा ठिपका म्हणजे कोणीतरी दिलेली साक्ष. साक्ष म्हटली की उलटतपासणी आलीच. त्याबद्दल पुढे.

हैतीच्या भूकंपाचं उदाहरण सगळे देतात. तिथे खरंच काय झालं?

१२ जानेवारी २०१०, संध्याकाळी पाचच्या सुमारास, ७.० तीव्रतेचा भूकंप. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स मोडून पडली. संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या मोहिमेची इमारत कोसळली, सरकारी कार्यालयं कोसळली. म्हणजे ज्यांच्याकडे नकाशे आणि माहिती असायला हवी, तेच ढिगाऱ्याखाली.

त्या रात्री बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठाच्या फ्लेचर स्कूलमध्ये पीएचडी करणाऱ्या पॅट्रिक मायर यांनी उशाहिदीवर हैतीचा नकाशा उघडला. मित्र आणि विद्यार्थी जमले आणि पाळ्या लावून बसले. सुरुवातीला ट्विटर, फेसबुक, रेडिओ, बातम्या यांतून माहिती वेचत होते. मग डिजिसेल या मोबाइल कंपनीच्या मदतीने ४६३६ हा फुकट एसएमएसचा क्रमांक सुरू झाला. रेडिओवरून तो सांगितला गेला आणि संदेशांचा ओघ लागला.

पेच असा की संदेश क्रेयॉलमध्ये होते आणि बचावपथकं इंग्रजी बोलणारी. इथे कामाला आली परदेशात राहणारी हैतीची माणसं. अमेरिका, कॅनडा आणि इतरत्र बसून त्यांनी संदेशांचं भाषांतर केलं. त्याहून मोलाचं म्हणजे पत्ते ओळखले. "अमक्या चर्चच्या मागची चढाची गल्ली" हा पत्ता कोणत्याही संगणकाला सापडत नाही. ज्याचं बालपण त्या गल्लीत गेलं, तो हजारो किलोमीटरवरून तिच्यावर बोट ठेवतो. आपल्याकडे "वडाच्या पारासमोर, जुन्या टपालकचेरीच्या अंगाला" असे पत्ते देणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरीकडे ओपनस्ट्रीटमॅपवर रेघांचं काम चाललं होतं. भूकंपाआधी या शहराचा तिथला नकाशा जवळजवळ कोरा होता, दोन-चार मोठे रस्ते एवढाच. उपग्रह कंपन्यांनी ताजी चित्रं खुली केली आणि काही आठवड्यांत सहाशेहून जास्त लोकांनी गल्लीबोळ, कोसळलेल्या इमारती आणि तंबूंच्या वसाहतीसुद्धा आखल्या. तो नकाशा उतरवून जीपीएस यंत्रांत भरता येत होता, म्हणून शोधपथकांनी तो खिशात घालून नेला. यातूनच त्याच वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था रीतसर नोंदली गेली. लोक तिला हॉट म्हणतात.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी सांगितली जाते. ४६३६ वर ऐंशी हजारांच्या घरात संदेश आले, पण उशाहिदीच्या नकाशावर साडेतीन हजारांच्या आसपासच नोंदी चढल्या. पुष्कळ संदेशांचा मजकूर "आम्हाला अन्न-पाणी हवं" इतकाच होता. हे मदत संस्थांना संदेशांशिवायही ठाऊक होतं आणि त्यांची वाटपाची पद्धत एकेका घराच्या हाकेवर धावून जाण्याची नव्हतीच. ज्याने एसएमएस पाठवला त्याला वाटलं, आता कोणीतरी येईल. पलीकडे ऐकणारा होता, पण येणारा असेलच असं नव्हतं. हैतीवरून कोणी फक्त कौतुक सांगत असेल तर हा भागही विचारा.

मग ज्या गावातून जास्त नोंदी, तिथे जास्त नुकसान, असं धरायचं का?

नाही. हा प्रश्न हैतीनंतर चांगलाच तापला होता. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्रातल्या अभ्यासकांना दिसलं की जिथून एसएमएस जास्त, तिथे पडझडही जास्त. यावरून संदेश मोजून नुकसानाचा अंदाज बांधता येईल असं काही जण म्हणू लागले. मानवी हक्कांच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या एचआरडॅग या गटाने तोच डेटा पुन्हा तपासला. त्यांचं म्हणणं सोपं होतं: जिथे इमारतीच जास्त, तिथे माणसं जास्त, म्हणून संदेशही जास्त आणि पडझडही जास्त. इमारतींची संख्या हिशेबात धरली की संदेशांचा वेगळा असा काही उपयोग उरत नाही.

आपल्याकडचं उदाहरण याहून बोलकं आहे. ३० जुलै २०१४ च्या पहाटे आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं एका एसटी चालकामुळे. नेहमीच्या फेरीला तो तिथे आला आणि पाहतो तर गाव जागेवर नाही. त्या सकाळी आपला नकाशा सुरू असता, तर माळीणच्या जागी एकही ठिपका आला नसता. फोन करायला कोणी उरलंच नव्हतं.

म्हणून अनुभवी मंडळी नकाशा बघताना रिकाम्या जागा आधी बघतात. शेजारच्या चार गावांतून नोंदी येतायत आणि मधल्या एकातूनच नाही, तर तिथला टॉवर पडलाय की गाव, हे विचारायला माणूस पाठवतात.

पडताळणी कशी करतात?

साधनं जुनीच आहेत. नोंद करणाऱ्याला उलट फोन करायचा. तोच प्रसंग दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे कळवलाय का ते बघायचं. इथे 'स्वतंत्रपणे' हा शब्द महत्त्वाचा, कारण एकच फॉरवर्ड वीस जणांनी पाठवला तर ते वीस साक्षीदार होत नाहीत. फोटो असेल तर तो आधी कुठे छापून आलाय का ते शोधायचं. दर पावसाळ्यात मागच्या पुराचे फोटो नव्याने हिंडतात. फोटोतल्या दुकानाची पाटी, डोंगराची कड, पाण्याची पातळी उपग्रहचित्राशी आणि गावच्या माणसाच्या सांगण्याशी ताडून पाहायची.

उशाहिदीत नोंदीवर 'पडताळलेली' किंवा 'न पडताळलेली' असा शिक्का असायचा. न पडताळलेली दाखवावीच का, यावर वाद आहे. माझं मत: "रस्ता बंद आहे" ही नोंद शिक्क्यासकट लगेच दाखवावी, कारण चुकली तर कोणाला वळसा पडेल, एवढंच. "अमुक समाजाच्या लोकांनी हल्ला केला" अशी नोंद मात्र पडताळल्याशिवाय अजिबात चढवू नये. केनियात हाच धोका होता. चुकीच्या ठिपक्याने दुसऱ्या गावात आग लागू शकते.

लोक मुद्दाम खोटं टाकत नाहीत का?

टाकतात, पण मी पाहिलेल्या घोळांत खोडसाळपणा फार थोडा होता. शिळ्या नोंदी, एकाच घटनेच्या पाच नोंदी आणि चुकीच्या जागी पडलेली पिन, यांनी त्याहून जास्त छळलं. 'शिवाजी नगर' असं नुसतं लिहिलं, तर कोणतं शिवाजी नगर?

सॉफ्टवेअर मुक्त असायलाच हवं का? गुगल मॅप फुकटच आहे ना.

फुकट आणि मुक्त यांत फरक आहे. तो संकटातच कळतो.

२००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतल्या प्रोग्रामरांनी हरवलेली माणसं, छावण्या आणि मदतसामग्री यांची नोंद ठेवायला 'सहाना' ही प्रणाली लिहिली. सिंहलीत सहाना म्हणजे दिलासा. कोड खुला असल्यामुळे ती पुढे इतर देशांतही वापरली गेली. उशाहिदीचंही तेच. केनियासाठी लिहिलेलं हैतीत चाललं, २०१० च्या उन्हाळ्यात रशियातल्या वणव्यांसाठी तिथल्या लोकांनी आपल्या भाषेत उभं केलं, २०१५ मध्ये नेपाळात. परवानगी मागायची नाही, करार करायचा नाही, सर्व्हरवर चढवायचं आणि आपल्या भाषेत फिरवायचं.

नकाशाच्या डेटाचं तर याहून जास्त. गुगलचा नकाशा पाहता येतो. त्याखालचा डेटा उचलून नेता येत नाही. गुगलचं मॅप मेकर नावाचं साधन होतं. जगभरच्या हौशी लोकांनी, त्यात आपल्याकडच्याही पुष्कळांनी, त्यात रस्ते आणि गावं भरली. २०१७ मध्ये कंपनीने ते बंद केलं. ओपनस्ट्रीटमॅपवर काढलेली रेघ कोणीही उतरवून घेऊ शकतो, छापू शकतो, नेटवर्क नसलेल्या फोनमध्ये भरू शकतो. पुरात सगळ्यात आधी नेटवर्कच जातं. एवढं एक कारण मला पुरतं.

कोणती साधनं लागतात?

नोंदी गोळा करायला उशाहिदी. ठरलेली प्रश्नावली घेऊन घरोघर फिरायचं असेल तर कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके, दोन्ही नेटशिवाय चालतात. झटपट नकाशा दाखवायला यूमॅप. आखायला ब्राउझरमधला आयडी संपादक, सरावलेल्यांना जोसम. नकाशे छापायला क्यूजीआयएस. फोनवर बिननेटचा नकाशा न्यायला ऑसमॅन्ड किंवा ऑरगॅनिक मॅप्स.

आणि कधीकधी यातलं काहीच लागत नाही. १३ जुलै २०११ रोजी मुंबईत झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादर इथे स्फोट झाले, तेव्हा लोकांनी एक सामायिक गुगल शीट उघडली. कोण रक्त देऊ शकतं, कोणाच्या घरी रात्री थांबता येईल, कोण गाडीने सोडेल, असे रकाने. काही तासांत भरली. तेवढी गरज तेवढ्याने भागली.

माझा फोन नंबर आणि घराचा पत्ता सगळ्यांना दिसेल का?

नीट चालवलेल्या नकाशात दिसता कामा नये. पण घाईत उघडलेल्या पुष्कळ नकाशांवर दिसतो.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, ऑक्सिजन आणि प्लाझ्मासाठी लोकांनी आपले नंबर समाजमाध्यमांवर टाकले. त्यातल्या अनेक बायकांना पुढे नको ते फोन आणि संदेश सोसावे लागले. मदत मागणं म्हणजे आपला दरवाजा सगळ्या जगाला उघडून देणं होऊ नये.

युद्धात तर ठिपका जिवावर उठतो. २०११ मध्ये लिबियात लढाई सुरू झाली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या मदत समन्वय कार्यालयाने स्टँडबाय टास्क फोर्स या स्वयंसेवकांच्या गटाकडे नकाशा मागितला. त्यांनी दोन नकाशे केले. एक पासवर्डमागचा, फक्त मदत संस्थांसाठी. दुसरा सगळ्यांसाठी, पण चोवीस तास मागे चालणारा आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेला. काल लोक कुठे लपले होते हे आज कळलं तर जगाला अंदाज येतो आणि बंदूकवाल्याला फार काही हाती लागत नाही. संकट-नकाशा सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी ही दोन नकाशांची गोष्ट आधी सांगतो.

साधा नियम: नंबर फक्त काम करणाऱ्या चमूला दिसावा, नकाशावर घराऐवजी गल्ली किंवा वाडी दाखवावी, आणि काम संपलं की नंबर पुसावा.

मी पुण्यात किंवा परदेशात आहे. घरबसल्या काय करू?

रेघांचं काम. हॉटच्या टास्किंग मॅनेजरवर खातं उघडा. संकटग्रस्त भाग चौकोनांत वाटलेला असतो. एक चौकोन घेतलात की तो काही वेळ तुमच्या नावावर राहतो, म्हणजे दोघं एकाच जागी खोडरबर चालवत नाहीत. उपग्रहचित्रावरून घरं आणि रस्ते आखायचे, जतन करायचे, चौकोन पूर्ण म्हणून सोडायचा. मग अनुभवी माणूस तो तपासतो.

माझे पहिले तीन चौकोन परत आले होते. मी घराची सावलीही घरातच धरली होती, गवताच्या गंज्यांना झोपड्या समजलो होतो आणि गोल झोपड्या चौकोनी काढल्या होत्या. तपासणाऱ्याने न रागावता एकेक चूक दाखवली. आता मी इतरांचं तपासतो, तेव्हा आपल्याकडच्या चुका वेगळ्या दिसतात: शेडनेट आणि पॉलिहाउस घर म्हणून आखलेलं असतं, प्लास्टिक घातलेलं शेततळं कारखान्याचं छप्पर होतं. ज्याने शेत पाहिलंय त्याला हे लगेच कळतं.

एक काम मात्र नवख्यांनी अंगावर घेऊ नये: पडलेली घरं ओळखणं. वरून घेतलेल्या चित्रात छप्पर दिसतं, भिंती दिसत नाहीत. मजले एकावर एक बसले तरी छप्पर शाबूत वाटतं. २०१३ मध्ये फिलिपिन्सला हैयान वादळाचा तडाखा बसला. तिथे स्वयंसेवकांनी असं नुकसान नोंदवून पाहिलं आणि नंतर जागेवर जाऊन पडताळलं तेव्हा ते भरवशाचं निघालं नाही. घरं कुठे होती हे सांगा. पडली की नाही हे तिथल्या माणसाला सांगू द्या.

आधीपासून तयारी केल्याचा फायदा झाला, असं एखादं उदाहरण आहे?

नेपाळ. काठमांडूत नामराज बुढाथोकी यांनी काठमांडू लिव्हिंग लॅब्स ही संस्था उभी केली होती. भूकंप कधीतरी येणारच हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून विद्यार्थ्यांना हाताशी धरून खोऱ्यातल्या शाळा, दवाखाने, रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवर भरण्याचं काम काही वर्षं आधीच चाललं होतं. कंटाळवाणं काम. त्याची बातमी होत नाही.

२५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी बाराला काही मिनिटं असताना ७.८ तीव्रतेचा धक्का बसला. केंद्र गोरखा जिल्ह्यात बारपाकजवळ. सुमारे नऊ हजार माणसं गेली. पण या वेळी नकाशा कोरा नव्हता आणि त्याहून मोठी गोष्ट, तो कसा भरायचा हे जाणणारी माणसं त्याच शहरात होती. त्यांनी उशाहिदीवर 'क्वेकमॅप' उघडला, आलेल्या नोंदी फोन करून पडताळल्या आणि लष्करासह मदत करणाऱ्यांपर्यंत पोहोचवल्या. जगभरचे हजारो स्वयंसेवक दुर्गम गावं आखायला लागले, पण कोणता भाग आधी घ्यायचा हे काठमांडूतून सांगितलं जात होतं. हैतीत सूत्रं बॉस्टनला होती, नेपाळात ती नेपाळ्यांच्या हातात राहिली. मला यात मोठा फरक वाटतो.

मराठी येण्याचा इथे काही उपयोग?

फार मोठा. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक जागेला वेगवेगळ्या भाषांत नावं देता येतात आणि मराठीसाठी स्वतंत्र रकाना आहे. आपल्याकडे मूळ गावाचं नाव असतं, पण वाड्या, पाडे, वस्त्या आणि तांडे पुष्कळदा बिननावाचे किंवा नकाशात नसतातच. संकट मात्र नेमकं वाडीवर येतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा वर जायला गाडीरस्ता नव्हता. बचावपथकं पावसात चढून गेली. अशी पायवाट नकाशावर आखलेली असणं, ती कुठून सुटते हे माहीत असणं, यात वेळ वाचतो. ही पायवाट उपग्रहचित्रात झाडाखाली दडलेली असते. ती आखायची तर रानात फिरलेल्या माणसालाच विचारावं लागतं.

शिवाय रोमन लिपीत लिहिलेली नावं बिघडतात. 'वडगाव' आणि 'वाडगाव' एकच दिसतात.

भारतात नकाशा काढायला परवानगी लागते का?

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने भू-अवकाशीय माहितीची नवी मार्गदर्शक तत्त्वं आणली आणि भारतीयांसाठी पूर्वपरवानगीची अट बहुतांशी काढून टाकली. संरक्षण आणि तत्सम संवेदनशील ठिकाणांचे निर्बंध आहेतच. ते पाळा. देशाची सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच छापा. लोकांचे नंबर साठवणार असाल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही वाचून घ्या.

आता एआय आहे. माणसांची गरज काय?

६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर तुर्कस्तानातल्या प्रोग्रामरांनी खुल्या कोडवर 'आफेत हरिता' हा नकाशा काही दिवसांत उभा केला. ढिगाऱ्याखालच्या माणसांचे पत्ते लोक ट्विट करत होते. यंत्र त्यातून पत्ता वेगळा काढून नकाशावर ठेवत होतं. हजारो संदेश हाताने वाचणं शक्य नव्हतं, तिथे यंत्राने मोठं काम केलं.

जकार्ताची पद्धत मला त्याहून शहाणी वाटते. तिथे २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या पेटाजकार्ता प्रकल्पात कोणी ट्विटमध्ये 'बांजिर', म्हणजे पूर, असं लिहिलं की यंत्र त्याला उलट उत्तर पाठवायचं: पूर दिसतोय का? मग जागा चालू करून फोटोसह कळवा. म्हणजे अंदाज बांधण्याऐवजी त्या माणसालाच विचारायचं. तोच प्रकल्प पुढे पेटाबेंचाना झाला.

उपग्रहचित्रातून घरं ओळखायला यंत्र आता बऱ्यापैकी शिकलं आहे. शेततळ्याला घर म्हणण्याच्या बाबतीत ते अजून माझ्यासारखंच नवखं आहे.

आमच्या तालुक्यात पाणी चढतंय. आत्ता उशाहिदी सुरू करू का?

आधी हे सांगा: नोंद आली की पुढे कोण जाणार? तहसील कार्यालय, एनडीआरएफ, एखादं बोट असलेलं मंडळ, कोणीतरी "आम्ही तुमची यादी दर तासाला घेऊ" असं म्हटलंय का? नसेल तर सुरू करू नका. मागणी घ्यायची आणि ती कुठेच पोहोचवायची नाही, यापेक्षा लोकांना सरळ ११२ किंवा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ लावायला सांगणं प्रामाणिक.

ऐकणारं कोणी असेल, तर पाळ्यांसाठी माणसं मोजा. रात्री तीन वाजता नोंदी वाचणारा कोण, हे ठरल्याशिवाय दुवा पसरवू नका. सॉफ्टवेअर चढवायला दुपार पुरते, माणसं जमवायला पावसाळ्याआधीचे दोन महिने लागतात.

पाणी ओसरल्यावर त्या नकाशाचं काय करायचं?

ठिपक्यांचा नकाशा जाहीरपणे बंद करायचा. "अमुक तारखेपासून नोंदी घेणं थांबलं आहे" अशी ठळक पाटी, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी त्याच फॉर्मवर हाक मारेल आणि पलीकडे कोणी नसेल. फोन नंबर आणि नावं पुसायची. उरलेली माहिती, म्हणजे पाणी कुठवर आलं, कोणता रस्ता आधी बुडाला, ही पुढच्या वर्षीसाठी ग्रामपंचायतीला आणि तहसीलला छापून द्यायची.

रेघांचा नकाशा बंद होत नाही. महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि त्या जागी नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये खुला झाला. अशा मधल्या दहा महिन्यांत कोणीतरी ती रेघ तोडून ठेवावी लागते आणि गाड्या सुरू झाल्या की पुन्हा जोडावी लागते.